क्राकोवच्या बाजारातली मरिया

क्राकोवमध्ये राजाचं चर्च टेकडीवर आहे आणि व्यापाऱ्यांचं बाजारात. वावेल टेकडीवरच्या कॅथीड्रलमध्ये पोलंडच्या राजांना मुकुट चढवले गेले आणि तिथेच त्यांची थडगी आहेत. तिथून उतरून थोडं चाललं की गावाचा मुख्य चौक येतो, रीनेक ग्वुव्नी. साधारण दोनशे मीटर लांब, तितकाच रुंद. मध्ये सुकिएन्नित्से, म्हणजे जुन्या कापडबाजाराची लांबलचक इमारत, आणि एका कोपऱ्याला लाल विटांचं, दोन असमान मनोऱ्यांचं, येशूच्या आईचं, म्हणजे मरियेचं चर्च. गावातले लोक त्याला मारियात्स्की म्हणतात. आता त्याला बॅसिलिकेचा, म्हणजे खास दर्जाच्या चर्चचा, मान आहे, पण मुळात ते पॅरिश चर्च: बाप्तिस्मा, लग्न, मयत आणि रविवारची मिसा, म्हणजे सामूहिक उपासना, हे सगळं गावकऱ्यांचं इथे होतं.

चौकात उभं राहून बघितलं तर हे चर्च तिरकं दिसतं. बाकी सगळ्या इमारती सरळ रांगेत आणि हे मात्र कुणाशीच काटकोन न धरता उभं. कारण साधं आहे. १२५७ मध्ये गावाची नव्याने आखणी झाली, चौरस चौक आणि सरळ रस्ते काढले गेले, तेव्हा चर्चची जागा आधीच ठरलेली होती. पहिलं चर्च १२२०च्या दशकात एका बिशपने बांधलं, १२४१च्या मंगोल स्वारीत त्याची वाट लागली, आणि लोकांनी पुन्हा त्याच पायावर बांधायला घेतलं. नगररचनाकारांनी मुकाट्याने चौकाचा कोपरा त्याला सोडून दिला. पुढे चौदाव्या शतकात व्हिएझिनेक या धनाढ्य घराण्याच्या पैशातून उंच, निमुळत्या खिडक्यांचं नवं गर्भगृह झालं. त्याचं छत १४४२ मध्ये कोसळलं. तेही पुन्हा बांधलं. या चर्चचा इतिहास वाचताना सारखं हेच दिसतं: काहीतरी पडतं, आणि बाजार पुन्हा वर्गणी काढतो.

मनोऱ्यांची गोष्ट प्रत्येक गाइड सांगतो, म्हणून मी थोडक्यात उरकते. दोन भाऊ एकेक मनोरा बांधत होते, एकाचा उंच होत गेला, दुसऱ्याने मत्सराने त्याला भोसकलं. तो सुरा अजून सुकिएन्नित्सेच्या दारात टांगलेला दाखवतात. गोष्टीपेक्षा मला व्यवहार जास्त आवडला. उंच मनोरा, सुमारे ८१ मीटरचा, चर्चचा नसून गावाचा होता. त्याचं काम पहाऱ्याचं: आग लागली, शत्रू आला, वेशीचे दरवाजे उघडायची-लावायची वेळ झाली की वरून तुतारी. ठेंगणा मनोरा घंटांचा, चर्चच्या मालकीचा. म्हणजे देवाच्या घरालाही गावाने एका बाजूने आपली चौकी लावून ठेवली होती. आजही दर तासाला वरच्या खिडक्यांतून चार दिशांना जी धून वाजते, ती वाजवणारे अग्निशमन दलाचे नोकर आहेत. धून मध्येच तुटते. तातारांचा, म्हणजे मंगोल स्वारांचा, बाण पहारेकऱ्याच्या गळ्यात घुसला म्हणून, असं सांगतात. ही कथा गाजली ती विसाव्या शतकात, पण ऐकताना अंगावर काटा येतोच, त्याला काय करणार.

मी गेले ते मावशीबरोबर. मावशी निवृत्त परिचारिका. तिची सगळी हयात सरकारी दवाखान्यात गेली. तिला चर्चची वास्तुकला, गॉथिक कमानी वगैरे काही सांगायला गेलं की ती "हं, हं" करते आणि दुसरीकडे बघते. पण माणसाच्या अंगाकडे तिची नजर अशी जाते की विचारू नका. ट्रेनमध्ये समोर बसलेल्याच्या नखांवरून त्याचं रक्त कमी आहे हे ती मला मराठीतून, चांगल्या मोठ्या आवाजात, सांगत असते. तिच्याबरोबर इथे आले हे फार बरं झालं, ते पुढे कळेल.

आत शिरल्याबरोबर डोळे दिपतात. ‘मध्ययुगीन गॉथिक’ म्हटल्यावर उघडा करडा दगड आणि गार अंधार डोळ्यांसमोर आणला असेल तर तो विसरायचा. इथे छत गडद निळं, त्यावर सोनेरी चांदण्या, आणि भिंतींच्या इंचाइंचावर रंग: वेलबुट्ट्या, ध्वजांच्या पट्ट्या, वाद्यं आणि फलक घेतलेले देवदूत. हे काम मध्ययुगातलं नाही. १८८९ ते १८९१ या काळात यान मातेइको या चित्रकाराने त्याची आखणी केली आणि त्याच्या हाताखाली विस्पियान्स्की आणि मेहोफर ही विशी ओलांडलेली पोरं राबत होती. पुढे हे दोघं पोलिश कलेतली फार मोठी नावं झाली. तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. क्राकोव ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं. मातेइकोने आयुष्यभर पोलंडच्या इतिहासाची अवाढव्य चित्रं काढली. इथे त्याला अख्खं चर्च मिळालं.

शुद्धतेचा आग्रह धरणारे या रंगकामावर नाक मुरडतात. मला त्यांचं पटत नाही. मध्ययुगात चर्चं रंगवलेलीच असायची. रंग उडाले, पंथांच्या भांडणात खरवडले गेले, चुना फासला गेला, आणि मग आपल्याला उघड्या दगडाची सवय लागली. मातेइकोने जुन्याची नक्कल केली नाही, पण चर्चला रंगाचा हक्क परत दिला. मावशी वर बघून म्हणाली, "छत बघ गं, पैठणीचा काठ लावल्यासारखं." यावर मला काही भर घालता येत नाही.

पण सगळे येतात ते समोरच्या वेदीसाठी. फाइट श्टोस या मूर्तिकाराने १४७७ ते १४८९ या बारा वर्षांत ती घडवली. पोलिश लोक त्याला व्हित स्त्वोश म्हणतात. उंची सुमारे १३ मीटर, रुंदी सुमारे ११ मीटर. सांगाडा ओकचा, मूर्ती लिंडनच्या. लिंडनचं लाकूड मऊ आणि एकसारखं, त्यात केसांची बट न् बट निघते. मूर्ती एकूण दोनशेच्या आसपास. मधल्या मोठ्या मूर्ती तर जवळजवळ पावणेतीन मीटरच्या आहेत. एवढं जाड लाकूड वाळताना तडकतं, म्हणून अशा मूर्ती पाठीमागून पोखरून काढायची त्या काळी पद्धत होती. समोरून भरगच्च दिसणारा प्रेषित, म्हणजे येशूचा शिष्य, मागून पोकळ असतो.

वेदीला दारं आहेत, कपाटासारखी उघडझाप होणारी. सकाळी ती मिटलेली असतात आणि बाहेरच्या अंगावर बारा प्रसंग दिसतात: मरियेचा जन्म, येशूला अटक, क्रूस, कबर, आणि पुनरुत्थानानंतर माळ्याच्या वेषात भेटलेला येशू. उठाव कमी, रंग जास्त. बरेच पर्यटक यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत, उघडण्याची वाट बघत फोन सरसावून बसतात. मला मात्र हे प्रसंग गोष्टीवेल्हाळ वाटले. बारा वाजायला दहा मिनिटं असताना एक सिस्टर येते आणि लांब काठीने एकेक दार ओढून उघडते. मग आतलं सोनं बाहेर येतं. वस्त्रं बाहेरून सोनेरी आणि आतून निळी, आणि प्रत्येक चुणी अशी वळलेली की कुठूनही उजेड आला तरी कुठेतरी सावली पडतेच.

मधला प्रसंग मरियेच्या मृत्यूचा. असा प्रसंग रंगवताना मरियेला बहुतेक पलंगावर आडवी दाखवतात, भोवती प्रेषित मेणबत्त्या घेऊन उभे. श्टोसने तिला पलंग दिलेला नाही. ती उभ्याची गुडघ्यांवर कोसळते आहे. चेहरा तरुण मुलीचा, मान एका बाजूला कललेली, हात खाली सुटलेले, बोटांत जोर नाही. मागून एका धिप्पाड दाढीवाल्या प्रेषिताने तिला सावरून धरलं आहे. तिच्या डोक्यावर दुसऱ्या एकाने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून पिळल्यासारखी धरली आहेत. काही जण तिच्याकडे बघतच नाहीत, वर बघतात, कारण वरच्या भागात किरणांच्या वलयात ती येशूबरोबर स्वर्गात चाललेली आहे. त्याहून वर, शिखरावर, तिला मुकुट घातला जातोय आणि दोन्ही बाजूंना पोलंडचे संत व्होयचेख आणि स्तानिस्वाव उभे. खाली कोसळणारी, मध्ये वर जाणारी, शिखरावर राणी झालेली. एकाच नजरेत तीन वेळा मरिया.

माझी नजर वर गेली होती, मावशीची हातांवर अडकली.

"अगं, ह्याचे हात बघ. ह्याने ओझी उचललीत."

"कुणाचे गं?"

"त्या तिला धरणाऱ्याचे. शिरा बघ कशा तट्ट फुगल्यात. आणि तो पलीकडचा, त्याच्या बोटांचे सांधे सुजलेत. संधिवात."

"मावशी, ते संत आहेत."

"असू देत की. संतांना संधिवात होत नाही?"

मी हसले. पण नंतर वाचताना कळलं की मावशीच्या आधी हे बघणारा माणूस होऊन गेलाय. १९३० च्या दशकात क्राकोवच्याच विद्यापीठातल्या त्वचारोगाच्या एका प्राध्यापकाने या वेदीवरच्या मूर्तींच्या कातडीचा अभ्यास छापला होता. कुणाच्या चेहऱ्यावर काय उठलंय, कुणाचं नाक कशाने बिघडलंय, हे सगळं त्याने दवाखान्यातला रोगी तपासावा तसं तपासलं. श्टोसने रोग कल्पनेने काढलेले नाहीत, समोर दिसले तसे काढलेत, असं त्याला दिसलं. आणि समोर कोण होतं? बाजार. चौकात गोण्या उतरवणारे, मीठ आणि शिसं वाहून आणणारे, पावसाळ्यात चिखल तुडवणारे लोक. क्राकोवपासून जवळच व्हिएलिच्काची मिठाची खाण आहे. त्या पैशावर राजाही जगत होता आणि गावही. वेदीवरचे प्रेषित यरुशलेमचे असतील, पण हात क्राकोवचे आहेत.

मला या वेदीत सगळ्यात मोठी वाटते ती हीच गोष्ट, आणि ती पैशाशी जोडलेली आहे. वेदीचा खर्च २,८०८ फ्लोरिन झाला. गावाच्या वर्षभराच्या जमाखर्चाएवढी ही रक्कम होती असं सांगतात. तो राजाने दिला नाही. व्यापारी, कारागीर, मृत्युपत्रात काही रक्कम ठेवून गेलेले लोक, यांच्या देणग्यांतून तो उभा राहिला. ज्यांनी पैसे दिले ते रविवारी समोर बसणार होते. त्यांना स्वर्गाचं सोनं हवं होतं, ते त्याने भरपूर दिलं, पण सोन्याच्या मधोमध त्यांचेच चेहरे, त्यांचीच नाकं आणि त्यांच्याच शिरा ठेवून दिल्या. त्यांना ते खटकलं असतं तर गावाने त्याला कर माफ केले नसते. गावाने ते केले. राजदरबारी शिल्पात चेहरा गुळगुळीत करायचा दबाव असतो. इथे गिऱ्हाईक वेगळं होतं, म्हणून शिल्प वेगळं झालं, असं माझं मत.

श्टोस मूळचा जर्मन, होर्ब नावाच्या गावचा. न्यूरेंबर्गचं नागरिकत्व सोडून तो इथे आला आणि जवळजवळ वीस वर्षं राहिला. तेव्हाच्या क्राकोवमध्ये व्यापाऱ्यांत जर्मन बोलणारे खूप होते. या चर्चमध्ये १५३७ पर्यंत प्रवचन जर्मनमध्ये होत असे. त्या काळी कुणाला यात विचित्र वाटलं नसावं. विसाव्या शतकाला मात्र वाटलं. नाझींनी ठरवलं की श्टोस जर्मन, म्हणून वेदी जर्मनीची. पोलिश लोकांना याची धास्ती होतीच. ऑगस्ट १९३९ मध्ये, युद्ध सुरू होण्याआधीच, त्यांनी वेदी सुटी केली आणि मोठ्या मूर्ती पेट्यांत भरून व्हिस्तुला नदीतून बार्जवर घालून सान्दोमिएझला लपवल्या. जर्मनांनी काही आठवड्यांतच त्या हुडकल्या. मूर्ती बर्लिनला गेल्या, नंतर राहिलेला सांगाडाही गेला, आणि सगळं न्यूरेंबर्गच्या किल्ल्याखालच्या तळघरात जाऊन पडलं. वर शहरावर बॉम्ब पडत होते आणि खाली दगडाच्या पोटात मरिया गुडघ्यांवर कोसळत होती. युद्धानंतर कारोल एस्त्राइखर या कलेतिहासकाराने ती परत मिळवली. ३० एप्रिल १९४६ रोजी जी रेल्वे क्राकोवला पोचली, तिच्यात वेदीबरोबर लिओनार्दोचं ‘लेडी विथ ॲन अर्मिन’ हे चित्रही होतं. वेदी चर्चमध्ये आपल्या जागी उभी राहायला मात्र १९५७ उजाडलं.

हे वाचताना माझ्या डोक्यात एक दुसरंच साल फिरत होतं. माझं माहेर कोल्हापूरचं. वळिवड्याचा पोलिश कॅम्प आमच्याकडे सगळ्यांना ऐकून माहीत. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. पूर्व पोलंडमधून सोव्हिएत फौजांनी त्यांना सैबेरियाकडे हाकललं, तिथून सुटका झाल्यावर इराणमार्गे ते आले आणि पंचगंगेच्या काठच्या उन्हात बराकींत राहिले. त्यांनी शाळा काढल्या, चर्च उभारलं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीत घर गमावलेले सिंधी लोक आले आणि त्या जागेचं गांधीनगर झालं. आम्ही लग्नसराईत कापड घ्यायला जातो ते गांधीनगर.

म्हणजे जेव्हा वेदी न्यूरेंबर्गच्या तळघरात होती, तेव्हा वळिवड्यात पोलिश आया मुलांना मरियेच्या प्रार्थना शिकवत होत्या. त्यातल्या फार थोड्यांनी क्राकोव पाहिलं असेल. ती माणसं पूर्वेकडच्या खेड्यांतली. वेदी १९४६ मध्ये घरी आली. वळिवड्याच्या लोकांपैकी बहुतेकांना घर उरलंच नव्हतं, कारण त्यांची गावं युद्धानंतर सोव्हिएत संघात गेली. त्यांतले कितीतरी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे वळले. लाकडाला देश परत मिळाला आणि माणसांना नाही, हे मी मावशीला तिथेच बाकावर बसून सांगितलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "आणि सिंध्यांना तरी कुठे मिळाला?"

वेदीची मोठी दुरुस्ती २०१५ ते २०२१ या काळात झाली. जुने काळपट लेप काढले, खालचे मूळ रंग निघाले. ते करताना एका मूर्तीवर १४८६ हे साल सापडलं. दुरुस्तीआधीची छायाचित्रं बघितली तर त्यात सगळं मधाळ तपकिरी दिसतं. आता गालांवर लाली आहे, दाढ्यांत करड्या छटा आहेत. मावशीला जे दिसलं ते त्या दुरुस्तीच्या कृपेने.

उजव्या बाजूच्या भागात श्टोसचंच आणखी एक काम आहे आणि तिथे गर्दी नसते. एकाच दगडातून कोरलेला क्रूसावरचा येशू, १४९१च्या सुमाराचा. तो करवून घेणारा माणूस राजाच्या टांकसाळीचा प्रमुख, स्लाकर नावाचा. पुन्हा पैसेवालाच. लाकडात जे चटकन जमतं ते इथे दगडात केलंय: ताणलेल्या बरगड्या, आत ओढलेलं पोट, वाऱ्याने उडाल्यासारखं कमरेचं वस्त्र. मावशी इथे बराच वेळ उभी राहिली आणि काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "ह्याने मेलेला माणूस जवळून बघितलाय."

बघितला असणारच. श्टोसचं पुढचं आयुष्य काही संताचं नव्हतं. १४९६ मध्ये तो न्यूरेंबर्गला परतला, क्राकोवमध्ये कमावलेला पैसा धंद्यात गुंतवला आणि बुडाला. ज्याने बुडवलं त्याच्याकडून वसूल करायला त्याने एक खोटा दस्तऐवज बनवला, सही-शिक्क्यासकट. हात तसा कसलेला होता. पकडला गेला. १५०३ मध्ये शिक्षा झाली: जल्लादाने तापलेली सळई दोन्ही गालांतून आरपार घातली आणि शहर सोडून जायला बंदी झाली. तरी तो पळाला, पुन्हा आला, शेवटी १५०६ मध्ये सम्राट मॅक्सिमिलियनने माफी दिली. न्यूरेंबर्गच्या नगरपरिषदेला ही माफी फारशी रुचली नाही. १५३३ मध्ये वारला तेव्हा तो ऐंशीच्या घरात किंवा पलीकडे असावा.

क्राकोवमधल्या मूर्तींच्या गालांवरचे डाग त्याने स्वतःच्या गालांना भोकं पडण्याआधी कोरले, हे खरं. पण मला कुतूहल आहे ते नंतरच्या कामाचं. न्यूरेंबर्गच्या सेंट लोरेंझ चर्चमध्ये, तेही गावकऱ्यांचंच पॅरिश चर्च, त्याने १५१७-१८ मध्ये लिंडनमध्ये देवदूत आणि मरिया कोरली. लाकडी गुलाबांच्या कड्यात बसवलेली ती जोडी छतापासून साखळीने हवेत टांगलेली आहे. पैसे दिले टुखर नावाच्या श्रीमंत नागरिकाने. धर्मसुधारणा आली, गाव लुथरच्या प्रॉटेस्टंट पंथाचं झालं, पण ती फोडली नाही; कापडात गुंडाळून वर्षानुवर्षं झाकून ठेवली. १८१७ मध्ये ती खाली पडून तुकडे झाले, आणि लोकांनी ते जोडून पुन्हा टांगली. डाग पडलेल्या गालांचा म्हातारा त्या मरियेचे गाल कसे कोरतो, हे बघायचं आहे.

क्राकोवहून न्यूरेंबर्गला जायला रेल्वे आहे, एक-दोन ठिकाणी बदलावी लागते. मी संध्याकाळी वेळापत्रक उघडून बसले तर मावशीने शेजारून डोकावलं.

"पुन्हा चर्च?"

"त्याच माणसाचं आहे. म्हातारपणचं काम."

"म्हातारपणी हात थरथरतात," ती चष्मा पुसत म्हणाली. "कोरण्यात दिसेल की. खिडकीजवळची सीट बघ."